उमेदवारी, दक्षिणा आणि शिष्यवृत्ती : एक मागोवा

मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी "विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहा" अशी आज्ञा केली. प्रस्तुत लेखक केवळ मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत हयात घालवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. महाविद्यालयाची पायरी त्याने चढली ती फक्त मुलांना दाखल करण्यासाठी. अशाने पदवीधर होऊ घातलेल्या तरुणांना काय सांगावे, हा संकोच होताच. परंतु गेल्या वार्षिक मेळाव्यात दोनतीन मुले जवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, इंटर्नशिप म्हणजे नेमके काय? फेलोशिप कोणाला मिळते? आमच्या घरी हे कोणालाच ठाऊक नाही." त्या प्रश्नाने संकोच बाजूस सारला. हे शब्द नवे असले तरी वस्तू आपल्याकडे फार जुन्या आहेत, आणि त्यांचा इतिहास पाहिला असता आपल्या मंडळाने काय करावयास हवे हेही उमगते, अशी माझी समजूत आहे. ती ज्ञातिबांधवांपुढे नम्रपणे मांडतो.

उमेदवारी

ज्यास आज इंटर्नशिप म्हणतात तीस आपले वाडवडील उमेदवारी म्हणत. पूर्वी कचेरीत चाकरीची उमेद धरणारा तरुण एखाद्या जुन्या कारकुनाच्या हाताखाली बसे. मोडी वळण गिरवावे, नकला कराव्यात, हिशेब ताडून पाहावेत, आणि हे सारे बहुधा विनावेतन करावे, असा तो क्रम असे. जागा रिकामी झाली की उमेदवारास ती मिळेल ही आशा. यात शिक्षण खरोखर होई, परंतु मोठी उणीव ही होती की घरी खावयास असेल त्यालाच अशी उमेदवारी परवडे. शिवाय कचेरीत बसावयास मिळण्यासाठी कोणीतरी ओळखीचा आत असावा लागे. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी कचेरीची पायरी चढला नव्हता, त्यांच्या मुलांना उमेदवारीची वार्ताही लागत नसे.

ही उणीव कायद्याने काही अंशी भरून निघाली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. कारखान्यांनी ठराविक संख्येने शिकाऊ उमेदवार घ्यावेत, त्यांना रीतसर शिकवावे आणि शिकण्याच्या काळात विद्यावेतन द्यावे, असे त्याने ठरविले. १९७३ सालच्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही या कायद्याच्या कक्षेत आले. जुना 'उमेदवार' हा शब्द कायद्याच्या मराठीत आजही टिकून आहे, हे भाषेच्या अभ्यासकास गमतीचे वाटेल.

दक्षिणा

शिष्यवृत्तीचा इतिहास आपल्या प्रांतात दक्षिणेपासून सुरू होतो. पेशवाईत दरसाल श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ साली पेशवाई अस्तास गेली, तरी एल्फिन्स्टनसाहेबाने ही प्रथा एकाएकी मोडली नाही. रक्कम घटवून ती चालू ठेविली. १८२१ साली पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्यामागेही हाच विचार होता.

हा पैसा एकाच वर्णाच्या पदरी पडत होता, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. १८४९ च्या सुमारास पुण्यातील काही सुधारक तरुणांनी दक्षिणेच्या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन देण्याकडे लावावा, असा अर्ज सरकारास केला. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हे त्यांत प्रमुख होते, आणि सनातन्यांचा विरोध तीव्र झाला तेव्हा जोतीराव फुले अर्जदारांच्या साह्यास धावले. यातून ग्रंथांसाठी दक्षिणा पारितोषिके निघाली, आणि पुढे महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. त्या पहिल्या तुकडीतील महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रानड्यांस कनिष्ठ फेलो म्हणून दरमहा ६० रुपये व पुढे वरिष्ठ फेलो म्हणून १२० रुपये मिळत. ही रक्कम फुकटची नव्हती. फेलोने आपले अध्ययन चालवून शिवाय खालच्या वर्गांस शिकवावयाचे असे. आजच्या संशोधक विद्यार्थ्यास जी अधिछात्रवृत्ती मिळते, तिचा सांगाडा येथेच तयार झाला : एक हाताने घ्यावे व दुसऱ्या हाताने द्यावे.

दानशूरांच्या देणग्या

सरकारी तिजोरीबरोबर धनिकांच्या देणग्याही उभ्या राहिल्या. नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेत मिळविणे हा पिढ्यान्‌पिढ्या मोठा बहुमान समजला गेला. रायगड जिल्ह्याचे चिंतामणराव देशमुख यांनी १९१२ साली मॅट्रिकला पहिले येऊन ती पटकाविली; पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी जो निधी ठेविला, त्याची रीत निराळी होती. ही शिष्यवृत्ती कर्जाऊ होती. शिकून आलेल्याने मिळवता झाल्यावर रक्कम फेडावी, म्हणजे तीच रक्कम दुसऱ्याच्या कामी येईल, ही त्यातली योजना. आरंभीच्या मानकऱ्यांत कृष्णाबाई केळवकर या मराठी भगिनी होत्या. त्या डॉक्टर होऊन आल्या व कोल्हापुरास त्यांनी रुग्णसेवा केली. ज्या काळी मुलीला शाळेत धाडणे हीच बातमी होती, त्या काळातील ही गोष्ट आहे. आपल्या मुलींच्या पालकांनी ती ध्यानी घ्यावी.

केळुसकर गुरुजी

आता या सर्व इतिहासातील जो प्रसंग मला सर्वांत अधिक शिकवून गेला, तो सांगतो.

१९०७ साली मुंबईत भीमराव आंबेडकर हे मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारास कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक उपस्थित होते. शिवचरित्राचे आणि बुद्धचरित्राचे कर्ते म्हणून ते महाराष्ट्रास परिचित आहेत. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरून ठेविला होता. त्या दिवशी त्यांनी आपले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च बापास झेपेना, तेव्हा याच केळुसकरांनी त्या विद्यार्थ्यास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे नेऊन उभे केले, आणि महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. त्या २५ रुपयांवर बी. ए. झाले. १९१३ साली याच दरबाराने तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात धाडले. परत येऊन बडोद्याची दहा वर्षे सेवा करावी, असा करार होता.

करारास जागून १९१७ साली ते बडोद्यास गेले. परंतु परदेशी विद्येने विभूषित अशा या अधिकाऱ्यास त्या शहरात राहावयास कोणी जागा देईना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत ते काही दिवस राहिले. तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दरबाराने पैसा दिला होता, समाजाने छप्पर दिले नाही. पुढे मुंबईस प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साह्य व मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनास गेले आणि अपुरे राहिलेले अध्ययन त्यांनी पुरे केले.

पुढील भाग तितकाच महत्त्वाचा आहे. ते केंद्र सरकारात मंत्रिपदी असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. दरमहा २५ रुपयांचे हे व्याज अद्याप फिटते आहे.

या कथेत महाराजांचे औदार्य मोठे आणि विद्यार्थ्याची बुद्धी तर असामान्यच. परंतु मध्ये केळुसकर नसते तर ती बुद्धी व ते औदार्य यांची गाठ पडली असती काय? एक साधा शिक्षक. त्याच्याजवळ देण्यास द्रव्य नव्हते. कोठे काय मिळते याची माहिती होती, आणि मुलाचा हात धरून तेथवर जाण्याची तयारी होती.

वसतिगृहे

छपराची उणीव कोल्हापुरात शाहू महाराजांनी ओळखली होती. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे महाराजांच्या उत्तेजनाने उभी राहिली. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांची काळजी वाहावी आणि अखेर सर्वांनी एकत्र यावे, हा त्यांचा हेतू होता. आपल्यासारखी ज्ञातिमंडळे हीच परंपरा सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तर १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींची मुले एकाच पंक्तीस बसविली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र मोडावयास दिले. १९४७ साली त्यांनी काढलेल्या शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' हा परिपाठ पडला. मुले शेतात व इमारतीवर राबून शिकली. आज ही योजना आपल्या अनेक महाविद्यालयांत चालते. तीत काम करण्यास लाजू नये.

आजचा काळ

स्वातंत्र्यानंतर वाटा पुष्कळ झाल्या. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांस फीची सवलत मिळू लागली. प्रस्तुत लेखक तिचाच ऋणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'नेट' परीक्षेतून संशोधकांस अधिछात्रवृत्ती मिळते. राज्यात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या समाजगटांतील विद्यार्थ्यांस स्पर्धापरीक्षांचे प्रशिक्षण व संशोधनासाठी साह्य देतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी धाडणारी राज्याची शिष्यवृत्ती राजर्षी शाहूंच्याच नावे आहे. २०२४ साली केंद्राने मोठ्या कंपन्यांत एक वर्षाच्या इंटर्नशिपची योजना जाहीर केली, तीत दरमहा ५,००० रुपये ठरले. त्याच वर्षी राज्याने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून बारावी, पदविका व पदवी या क्रमाने दरमहा ६,०००, ८,००० व १०,००० रुपये विद्यावेतन ठरविले. अशा योजनांच्या अटी व मुदती बदलत असतात; म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, सांगोवांगीवर विसंबू नये.

विद्यार्थ्यांस आणखी दोन शब्द. उत्पन्नाचा, जातीचा व रहिवासाचा दाखला, गुणपत्रिका आणि बँकेचे खाते यांची तयारी जाहिरात निघण्याआधीच असावी. आणि उमेदवारीस जाल तेथे वेतन किती हे जसे विचाराल, तसेच शिकविणार कोण व काय, हेही विचारा. केवळ कागद इकडून तिकडे नेण्यात सहा महिने गेले, तर ती उमेदवारी फुकट गेली असे समजावे.

स्वतःविषयी थोडेसे

१९७६ साली मी मॅट्रिक झालो. गुण बरे होते, कॉलेजला जाण्याची इच्छा होती, घरी ऐपत नव्हती. म्हणून अध्यापकाच्या शिक्षणक्रमास नाव घातले. पुढे एके दिवशी आईने बाजारातून साखर आणली. पुडी सोडून मी सवयीप्रमाणे कागद वाचू लागलो. त्यावर एका विश्वस्त निधीची जाहिरात होती : ग्रामीण भागातील मॅट्रिक झालेल्या गरजू मुलांस कॉलेजच्या चार वर्षांचा खर्च मिळेल. अर्जाची मुदत संपून सव्वा महिना झाला होता. मी तो कागद पुष्कळ दिवस पेटीत जपून ठेविला होता. शिक्षकाचा पेशा मला लाभला, त्यात मी सुखी झालो. तक्रार कोणाविरुद्धही नाही. पण गावात वर्तमानपत्र वाचणारी पाचसात माणसे होती, त्यांतील एकालाही तो कागद वेळेवर माझ्यापर्यंत पोचवावा असे सुचले नाही, ही रुखरुख राहिली.

म्हणून मंडळास विनंती आहे. गुणवंतांस शाल व श्रीफळ देण्याचा समारंभ आपण दरसाल करतो, तो अवश्य करावा. परंतु तो निकालानंतर कित्येक महिन्यांनी होतो, आणि तोवर अर्जांच्या मुदती टळून गेलेल्या असतात. यंदापासून जून महिन्यातच एक बैठक घ्यावी. मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी. तीत प्रत्येक शिष्यवृत्तीचे नाव, पात्रता व अखेरची तारीख नोंदवावी. ज्ञातीतील जे बांधव व भगिनी कारखान्यांत, बँकांत, कचेऱ्यांत, रुग्णालयांत आहेत त्यांनी दरसाल निदान एका विद्यार्थ्यास आपल्या कामाच्या ठिकाणी उमेदवारी मिळेल का, हे पाहावे. शहरात ज्यांचे घर आहे त्यांनी परगावच्या मुलास पहिला महिनाभर तरी आसरा द्यावा. मंडळाच्या शिक्षणनिधीतून दिलेली मदत टाटांच्या रीतीने परतफेडीची असावी. ज्यास साधेल त्याने फेडावी आणि ज्यास साधणार नाही त्याने दुसऱ्या एका मुलास शिकवून फेडावी.

वही लिहिण्याचे काम कोणी पत्करीत नसेल, तर ते मी करीन. दर रविवारी सकाळी कार्यालयात येऊन बसेन. अजून चष्म्याने बारीक अक्षर वाचता येते. मुलांनी यावे, मुलींनी यावे, आईबापांनीही निःसंकोच यावे.

इति लेखनसीमा.