हानी व नुकसान (हवामानबदल)

हानी व नुकसान : हवामानबदलामुळे ओढवणारी आणि कोणत्याही उपायाने टळू न शकलेली माणसे, पिके, घरे, जमीन व संस्कृती यांची झीज, तसेच ती कोणी भरून द्यावी, यावर श्रीमंत व गरीब देशांत तीन दशकांहून अधिक काळ चाललेला वाद. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवणे (उपशमन) आणि बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची तयारी (अनुकूलन) ही हवामान धोरणाची पहिली दोन अंगे. ती दोन्ही अपुरी पडतात तेथे हे तिसरे अंग सुरू होते.

स्वरूप : वादळे व पूर यांचे तडाखे अचानक बसतात, समुद्राची वाढती पातळी, जमिनीत शिरणारे खारे पाणी, वितळणाऱ्या हिमनद्या यांचे परिणाम हळूहळू दिसतात. बुडालेले पीक किंवा वाहून गेलेला पूल पैशांत मोजता येतो. सोडाव्या लागलेल्या गावाची किंमत मात्र ठरवता येत नाही. फिजीच्या वानुआ लेवू बेटावरील वुनिदोगोलोआ हे किनाऱ्यावरचे गाव. समुद्राचे पाणी वारंवार घरांत शिरू लागल्याने २०१४ मध्ये ते सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर हलवण्यात आले. नवी घरे बांधून देता आली. दारासमोरचा समुद्र आणि त्याभोवतीचे जगणे नेता आले नाही. अशा हानीला ‘आर्थिकेतर हानी’ म्हणतात.

जबाबदारीचे तत्त्व : संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामानबदलविषयक चौकट करारात ‘सामाईक, परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व आहे. हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके टिकतो. त्यामुळे आज कोण किती धूर सोडतो, इतकेच पाहून चालत नाही. मागची बाकीही मोजावी लागते. औद्योगिक क्रांतीपासून इंधने जाळून झालेल्या उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, तर भारताचा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच गरिबाच्या भातशेतीतील मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एका मापाने मोजण्याला आक्षेप घेतला होता. उलट बाजूने विकसित देश चीनकडे बोट दाखवतात : १९९२ च्या यादीत विकसनशील असलेला हा देश आज वार्षिक उत्सर्जनात पहिला आहे, मग त्यानेही वर्गणी द्यावी, असा त्यांचा आग्रह असतो.

‘भरपाई’चा वाद : मराठी वाचकाला ‘नुकसान’ म्हटले की पाठोपाठ ‘पंचनामा’ आणि ‘भरपाई’ हे शब्द आठवतात. आंतरराष्ट्रीय मसुद्यांतून नेमका हाच तिसरा शब्द दूर ठेवला गेला. १९९१ मध्ये वानुआतूने लहान द्वीपराष्ट्रांच्या आघाडीतर्फे एक विमा निधी सुचवला होता. औद्योगिक देशांनी आपले उत्पन्न व उत्सर्जन यांच्या प्रमाणात वर्गणी भरावी आणि समुद्र वाढून बुडणाऱ्या देशांना त्यातून पैसे मिळावेत, अशी ती योजना. ती मान्य झाली नाही. २०१३ मध्ये वॉर्सा येथे या विषयासाठी स्वतंत्र यंत्रणा निर्माण झाली, पण पैशाविना. २०१५ च्या पॅरिस कराराच्या आठव्या कलमात हानी व नुकसान यांना स्थान मिळाले. मात्र सोबतच्या ठरावात, या कलमावरून कोणतेही दायित्व किंवा भरपाई उद्भवत नाही, असे वाक्य घालून घेण्यात आले.

निधी : २०२२ च्या पावसाळ्यात पाकिस्तानात सुमारे १,७०० माणसे दगावली आणि तीन कोटींहून अधिक लोकांना पुराची झळ बसली. सिंधमध्ये सेहवान व दादू ही शहरे वाचवण्यासाठी मंचर सरोवराचा बांध मुद्दाम फोडून आसपासच्या गावांत पाणी सोडावे लागले. एकूण नुकसान ३० अब्ज डॉलरांच्या घरात गेले. त्या वर्षी विकसनशील देशांच्या ‘जी-७७ व चीन’ गटाचे अध्यक्षपदही पाकिस्तानकडेच होते. नोव्हेंबरमध्ये शर्म अल-शेख येथील हवामान परिषदेत हानी व नुकसान यांसाठी निधी उभारण्याचा निर्णय झाला आणि २०२३ मध्ये दुबईत तो कार्यान्वित झाला. त्याच्या मंडळात २६ सदस्य आहेत : १२ विकसित व १४ विकसनशील देशांचे. सुरुवातीच्या काळासाठी यजमानपद जागतिक बँकेकडे आहे. वर्गणी ऐच्छिक असून २०२५ च्या मध्यापर्यंतची आश्वासने ८० कोटी डॉलरांच्याही आत होती. म्हणजे पाकिस्तानच्या त्या एका पुरातील नुकसानाच्या तीन टक्क्यांहून कमी.

न्यायालयांत : पेरूतील ह्वारास शहराच्या वर वितळत्या हिमनदीच्या पाण्याने पाल्काकोचा हे सरोवर फुगले आहे. तेथील एका शेतकऱ्याने संरक्षक कामांच्या खर्चाचा अंश मागत २०१५ मध्ये जर्मनीतील आरडब्ल्यूई या वीजकंपनीवर दावा लावला. मे २०२५ मध्ये हाम येथील न्यायालयाने, त्याच्या घरापर्यंत पूर येण्याची शक्यता फार कमी असल्याचे सांगून तो फेटाळला. परंतु मोठ्या उत्सर्जकाला तत्त्वतः जबाबदार धरता येते, हेही मान्य केले. दोनच महिन्यांनी, २३ जुलैला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने सल्लागार मत दिले. हवामानाला होणारी मोठी इजा रोखणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असून ते मोडल्यास, कृती व इजा यांचा पुरेसा थेट संबंध सिद्ध झाल्यावर, भरपाईही द्यावी लागू शकते, असे त्यात म्हटले आहे. न्यायालयाचे असे मत घ्यावे, या मागणीची सुरुवात २०१९ मध्ये पॅसिफिक बेटांवरील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती आणि ती जगापुढे नेली वानुआतूनेच.

त्यामुळे आज दोन वाटा शेजारीशेजारी आहेत. निधीकडे अर्ज करणाऱ्या देशाला दोषी कोण हे सिद्ध करावे लागत नाही. पण मिळते ती मदत, हक्काचे देणे नव्हे. न्यायालयात देणे मागता येते. पण त्यासाठी कोणाच्या धुराने कोणाचे शेत बुडाले, याचा पंचनामा लागतो.