एका शिकारी कुत्र्याची तीन नावे

१/
बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरसारख्या गावात दारातल्या कुत्र्याची जात विचारली, तर बहुधा 'गावठी' एवढेच उत्तर मिळते. गावठी म्हणजे ज्याची कोठेही नोंद नाही असा. जात रक्तातून येते. परंतु तिचे नाव कागदावर कोणी लिहिले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. दख्खनच्या शिकारी कुत्र्याची कथा त्याचेच उत्तर देते.

२/
निमुळते तोंड, खोल छाती, बारीक कंबर आणि सशाला धावून गाठणारा वेग ही या कुत्र्याची ओळख. पश्चिम आशियातील सलुकीशी त्याचे साम्य उघड आहे. व्यापारी तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज दख्खनेत आले, असे मानले जाते. 'कारवाँ'वरून तो करवानी झाला. ज्याच्या कानांवर व शेपटीवर रेशमी केस, तो पश्मी. फारसीत 'पश्म' म्हणजे लोकर. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव पश्मीसाठी आजही प्रसिद्ध आहे.

३/
तिसरे नाव संस्थानातून आले. मुधोळचे मराठा संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना ती भेट दिली. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. मुधोळ आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे.

४/
नावांचा हा तिढा स्वातंत्र्यानंतरही सुटला नाही. भारतातील एक श्वानसंस्था याच कुत्र्याला 'कारवान हाउंड' म्हणते, तर दुसरी 'मुधोळ हाउंड'. टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढले ते मुधोळच्या नावाने.

५/
कोरियात याच्या उलट घडले. जिंदो बेटावरील कुत्र्याला बेटाचेच नाव मिळाले. जपानी राजवटीत, १९३८ साली, तो संरक्षित ठरला. स्वतंत्र दक्षिण कोरियाने १९६२ मध्ये त्याला 'नैसर्गिक स्मारक' घोषित केले आणि १९६७ मध्ये त्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे कोरियन कुटुंबांबरोबर आणि दत्तक देणाऱ्या संस्थांमार्फत जिंदो अमेरिकेत पोहोचला. १९९८ साली तेथील युनायटेड केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. मालक परदेशी असला, तरी कुत्र्याच्या नावात बेट कायम राहिले.

६/
आपल्या कुत्र्याच्या वाट्याला असा कायदा आला नाही. जो आला, त्याने त्याचे काम थांबवले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर बंधने आली. ती आवश्यकच होती. परंतु धावण्यासाठी घडलेल्या कुत्र्याला आता केवळ राखणदार म्हणून, किंवा विक्रीसाठी, सांभाळावे लागते. वेगाची पारख करून जोड्या जुळवण्याचे कारणच त्यामुळे क्षीण झाले.

७/
राजाने भेट दिली, क्लबने नोंद केली, टपाल खात्याने तिकीट काढले. पिढ्यान्‌पिढ्या भाकरीचा तुकडा घालून हे रक्त टिकवणाऱ्या मेंढपाळ, शेतकरी आणि शिकारी कुटुंबांचे नाव मात्र यांपैकी एकाही कागदावर आले नाही. त्यांच्या स्मरणातली वंशावळ अजून सांगणारे आहेत, तोवर ती लिहून घेणे हे इतिहासाचेच काम आहे.