कोकणची रेल्वे आणि मध्यवर्ती तिजोरी

लोकप्रतिनिधीने आपल्या मुलुखासाठी काय आणले, असा प्रश्न मतदार विचारतो व तो विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. मात्र ‘आणले’ या शब्दाचा अर्थ काळानुसार पालटत गेला आहे. आज गावोगाव सभामंडप, बसथांबा, व्यायामशाळा यांच्या भिंतींवर खासदारांच्या नावाची पाटी दिसते. खासदारांस आपल्या मतदारसंघातील कामे सुचविण्यासाठी मध्यवर्ती सरकारने स्वतंत्र निधी ठेवण्याची योजना १९९३ च्या डिसेंबरात सुरू केली; २०११-१२ पासून ही रक्कम प्रतिवर्षी ५ कोटी रुपये ठरली. त्यामुळे प्रतिनिधीचे कार्य म्हणजे पाट्यांची संख्या, असा एक समज रूढ होत चालला आहे. परंतु आपल्या कोकणास मध्यवर्ती तिजोरीतून मिळालेला सर्वांत मोठा लाभ या योजनेतून आलेला नाही. तो कसा मिळाला, त्यासाठी कोणी किती काळ खर्ची घातला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा इतिहास आपल्या ज्ञातिबांधवांच्या, विशेषतः तरुण पिढीच्या, नजरेस आणावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. पुढे दहाबारा वर्षांतच बोरघाट व थळघाट हे दोन्ही घाट चढून लोहमार्ग देशावर पोहोचला. मुंबईच्या गिरण्यांना हात पुरविणारा रत्नागिरी जिल्हा मात्र सह्याद्री व समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात तसाच राहिला. मुंबईस जावयाचे ते बोटीने किंवा घाटावर चढून वळसा घेऊन. पावसाळ्यात बोटी बंद पडत, म्हणजे वर्षातील काही महिने घरचा कर्ता पुरुष असून नसल्यासारखा. जलप्रवासही निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या दिवसाची आठवण कुलाबा जिल्ह्यातील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आली आहे. पुढे मुंबई-गोवा महामार्ग झाला, एस. टी. आली, परंतु रात्रभर घाटवळणे मोजीत केलेला तो प्रवास वृद्ध, रुग्ण व लेकुरवाळ्या स्त्रिया यांना किती सोसवत असे, हे ज्यांनी केला त्यांसच ठाऊक.

मग रेल्वे इतकी वर्षे का झाली नाही? कोकणाविषयी कोणास आकस होता, असे समजण्याचे कारण नाही. अडचण हिशेबाची होती. नवा लोहमार्ग मंजूर करताना त्यात घातलेल्या भांडवलावर किती परतावा मिळेल, हे प्रथम पाहिले जाई. कोकणात खाणी थोड्या, कारखाने थोडे, मालवाहतूक तुटपुंजी. उलट डोंगर फोडावयाचे, खाड्या ओलांडावयाच्या, त्यामुळे खर्च अफाट. साहजिकच परताव्याचे गणित प्रत्येक वेळी उणे येई. वस्तुतः रेल्वे नाही म्हणून उद्योग नाहीत आणि उद्योग नाहीत म्हणून रेल्वे नाही, असे हे चक्र होते. दुसरे असे की, देशभरातील अनेक नवे मार्ग एकाच रेल्वे अंदाजपत्रकाच्या दारात रांगेने उभे असत व प्रत्येकाच्या पदरात वर्षास थोडीथोडी रक्कम पडे. अशा रांगेतून कोकणचा मार्ग पुरा व्हावयाचा म्हणजे कित्येक पिढ्यांचा प्रश्न होता.

हे चक्र भेदण्याचा प्रयत्न एकाच माणसाने केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. अ. ब. वालावलकर यांनी या मार्गाचा ध्यास घेऊन लोकमत जागविले. वेंगुर्ल्यास जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधी होते व कोकणची उपेक्षा लोकसभेत मांडण्यात त्यांनी आपले असामान्य वक्तृत्व वेचले. १८ जानेवारी १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यानंतर त्याच मतदारसंघातून निवडून आले ते प्राध्यापक मधु दंडवते.

दंडवते यांचा जन्म १९२४ साली अहमदनगरचा. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. कोकणात त्यांचे कूळ नाही, मूळ नाही. असे असता राजापूरच्या मतदारांनी त्यांस १९७१ पासून ओळीने पाच वेळा लोकसभेत पाठविले. आपला उमेदवार कोणत्या ज्ञातीचा, असा विचार प्रथम करणाऱ्यांनी या गोष्टीची अवश्य नोंद घ्यावी.

१९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले व दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या. वर्गभेद न ठेवणारी गीतांजली एक्सप्रेस मुंबई व हावडा यांच्या दरम्यान धावू लागली. रेल्वेमंत्र्याने मनात आणले असते तर आपल्या मतदारसंघासाठी एका फटक्यात मोठी घोषणा करता आली असती. त्यांनी केले ते लहान, पण टिकाऊ. दिव्याहून पनवेलमार्गे आपट्यापर्यंत १९६६ साली येऊन थांबलेला मार्ग पुढे रोह्यापर्यंत नेण्याचे काम त्यांच्या काळात हाती घेण्यात आले. १९७९ साली सरकार पडले, मंत्रिपद गेले. रोह्यास गाडी पोहोचली ती १९८६ साली. परंतु एकदा रोहे गाठल्यावर, आता पुढे का नाही, या प्रश्नास उत्तर देणे प्रत्येक सरकारला भाग पडले. १९८० ते १९८९ या काळात दंडवते विरोधी बाकांवर होते. हाती सत्ता नाही, निधी नाही; होता तो केवळ प्रश्न विचारण्याचा हक्क. तो हक्क त्यांनी गंजू दिला नाही.

१९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार अधिकारावर आले आणि एक दुर्मिळ योग जुळला. अर्थमंत्री दंडवते, रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, ते मूळचे मंगळूरचे, नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, ते उत्तर कन्नड जिल्ह्याचे. पैसा, रेल्वे व नियोजन या तिन्ही किल्ल्या पश्चिम किनाऱ्याशी नाते असलेल्या माणसांच्या हाती आल्या. केवळ योगायोग म्हणून यावर पडदा टाकता येणार नाही, कारण असे योग पुष्कळ येतात आणि तयारी नसल्यामुळे वाया जातात.

येथे त्यांनी जी युक्ती योजली ती समजून घेण्यासारखी आहे. रेल्वे अंदाजपत्रकाच्या रांगेत उभे न राहता या एका मार्गासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापावे, त्याचे भांडवल मध्यवर्ती सरकार व लाभ घेणारी राज्ये यांनी मिळून घालावे आणि उरलेला पैसा रोख्यांच्या द्वारे लोकांकडून कर्जाऊ उभारावा, असे ठरले. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. मूळ भांडवल ८०० कोटी रुपयांचे. त्यात मध्यवर्ती सरकारचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोव्याचा ६ व केरळाचा ६. या मार्गाचा एक मैलही केरळात नाही, तरी मुंबईस येण्याचा आपल्या लोकांचा वळसा वाचेल, म्हणून त्या राज्याने पैसा दिला. हात पसरून मागितलेले अनुदान व स्वतःचा वाटा टाकून मागितलेली भागीदारी यांत जो फरक आहे, तो या आकड्यांत दिसतो. ज्याने स्वतःचे पैसे घातले आहेत, त्याचा शब्द दिल्लीतही ऐकावा लागतो.

महामंडळाचे पहिले प्रमुख ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग बांधला गेला. सुमारे ९० बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे २,००० पूल. रत्नागिरीनजीकचा पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंच, तर करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. गोव्यातील पेडणे येथील बोगद्याने मातीच्या भुसभुशीतपणामुळे शेवटपर्यंत दाद दिली नाही. अखेरीस २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्रास अर्पण झाला. एकूण खर्च साडेतीन हजार कोटी रुपयांच्या घरात गेला.

मधल्या काळात घडलेली एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. १९९१ च्या निवडणुकीत, म्हणजे महामंडळ स्थापन होऊन एक वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, राजापूरच्या मतदारांनी दंडवते यांस पराभूत केले. संपूर्ण मार्ग पुरा व्हावयाचा होता सात वर्षांनी. मतदानाच्या दिवशी दाखविण्यास त्यांच्यापाशी फार तर कागद होते. मतदारांचा कौल शिरोधार्य मानलाच पाहिजे. तथापि ज्या कामाचे फळ दिसण्यास वीस वर्षे लागतात, त्या कामास पाच वर्षांच्या मापाने मोजले तर असे काम कोण हाती घेईल, हा प्रश्न आपण सर्वांनी स्वतःस विचारावयास हवा. २००५ साली दंडवते निवर्तले. त्यांनी आपला देहही वैद्यकीय शिक्षणासाठी दिला.

इतिहास लिहिणाराने जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. या मार्गासाठी हजारो कुटुंबांच्या जमिनी गेल्या. त्यांत पिढीजात आंब्याची व नारळीची झाडे होती. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठा वाद झाला. कर्जाचे व्याज फेडण्यासाठी प्रत्यक्ष अंतराहून अधिक अंतर धरून भाडे आकारले गेले, म्हणजे कोकणच्या माणसाने आपल्या रेल्वेचा एक वाटा तिकिटाच्या खिडकीवरही भरला. २२ जून २००३ रोजी वैभववाडीनजीक कोसळलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले, तर १६ जून २००४ रोजी महाडनजीक करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. मार्ग बांधण्यास पैसा मिळविणे जितके अवघड, तितकेच तो राखण्यास मिळविणे अवघड. त्या कामास मात्र कोनशिला नसते व म्हणून उत्साहही कमी असतो. पुढे डोंगरांस जाळ्या, गस्त व इतर उपाय योजण्यात आले. २०२२ साली संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरणही झाले.

आम्ही आयुष्यभर खेड्यातील शाळेत शिकविले. शालान्त परीक्षा झाली की मुले मुंबईची वाट धरीत. आज रेल्वेने ती अधिक सहज धरतात. गाव सोडणे थांबले नाही, हे खरे. परंतु परत येणे शक्य झाले, हेही तितकेच खरे. गणेशचतुर्थीस घर उघडते, आईचे आजारपण कळल्यावर मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा राहतो. याचे मोल परताव्याच्या कोणत्याही गणितात धरलेले नव्हते. आणि म्हणूनच ते गणित अपुरे होते, असे नाथ पै व दंडवते यांच्यासारखी माणसे संसदेत वर्षानुवर्षे सांगत आली.

आपल्या ज्ञातिसंस्थेचे शिष्टमंडळ अधूनमधून लोकप्रतिनिधींस भेटते. सभागृहासाठी, वसतिगृहाच्या दुरुस्तीसाठी साहाय्य मागते. त्यात गैर काही नाही. परंतु त्याच निवेदनात आपल्या तालुक्याच्या स्थानकावर गाडीचा थांबा, स्थानकापासून गावापर्यंत बारमाही रस्ता, बाळंतिणीस वेळेवर नेणारे वाहन, यांचाही उल्लेख असावा, अशी आमची नम्र सूचना आहे. यांपैकी कशावरही आपल्या ज्ञातीचे नाव कोरले जाणार नाही. त्याचा लाभ शेजारच्या वाडीलाही होईल. आगगाडीच्या डब्यात कोण कोणत्या ज्ञातीचा, हे कोणी विचारीत नाही, आणि तरीही आपल्या घरांस तिच्याइतका लाभ दुसऱ्या कशाने झालेला नाही. मागणी अशी करावी की जी पुरी होण्यास वेळ लागेल, आणि प्रतिनिधी असा निवडावा की जो तेवढा वेळ देईल. आपल्या वाट्याचा भाग आपण आधी घालावा, मग मध्यवर्ती तिजोरीचे दार ठोठवावे. ते दार अशाच रीतीने एकदा उघडले आहे, याची साक्ष रोज कोकणच्या डोंगरांतून धावत आहे.