पाचाची बंदूक, तीन काडतुसं

अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घेताना लोक वजन, लांबी, खांद्याला बसणारा धक्का बघतात. मला मात्र तिच्या आतल्या एका लाकडी दांडीचं कौतुक वाटतं!

जॉन ब्राउनिंगला या बंदुकीसाठी एकरकमी पैसे नको होते, नगामागे रॉयल्टी हवी होती. त्यावरून १९०२ मध्ये विंचेस्टर कंपनीशी फिसकटलं आणि बंदूक बनली बेल्जियममध्ये. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकत्र मागे सरकतात. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. अशी पाच काडतुसं, म्हणून 'ऑटो-५'.

पण बदकं झपाट्याने घटली. १९३५ मध्ये सरकारने नियम केला: पाणपक्ष्यांसाठी बंदुकीत तीनच काडतुसं मावली पाहिजेत. मग काय, मॅगझिनमध्ये दांडी घातली, झालं काम! आमच्या भाषेत, पॅच.

शिशाचे छरे गिळून पक्षी विषबाधेने मरत, म्हणून १९९१ पासून तेही देशभर बंद. आता पोलादी छरे, आणि जुन्या बेल्जियन नळ्यांना ते चालत नाहीत.

थोडक्यात, निवड शिकारी करतो, अटी बदकांच्या!