एका अक्षराची किंमत

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. गेल्या सुट्टीत तो एक कागद घेऊन आला. गेम खेळण्यासाठी स्वतः जुळवायच्या कॉम्प्युटरची ती यादी होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, कूलर, एसएमपीएस आणि प्रत्येकासमोर लॅमिंग्टन रोडच्या दोन-तीन दुकानांतले भाव. प्रोसेसरच्या दोन ओळी होत्या. नाव एकच, आकडा एकच. फक्त एकाच्या शेवटी ‘के’ हे अक्षर जास्त, आणि किंमतही जास्त. ‘मामू,’ तो म्हणाला, ‘अक्षरांचा धंदा तुमचा. ह्या एका अक्षराचे वेगळे पैसे का द्यायचे, सांगा.’

मी बी. ए. झालेला माणूस. म्हटलं, शोधून सांगतो. शोधायला बसलो तर चाळीस वर्षांचा इतिहास हाती आला, आणि तो नुसत्या यंत्रांचा नव्हता. विकत घेतलेल्या वस्तूत जे शिल्लक असतं ते विकणाऱ्याचं की घेणाऱ्याचं, ह्या भांडणाचा तो इतिहास आहे.

कॉम्प्युटरच्या पोटात एक ठोका सतत चालू असतो. एक स्फटिक तो देतो आणि बाकीचे भाग त्यावर चालतात. मैफलीत तबल्याचा ठेका असतो ना, तसं समजा. प्रोसेसर हा गवई. ठेक्याची एक मात्रा पडेपर्यंत तो चौपट, पाचपट गतीनं फिरून येतो. ठेक्याचा तो बसचा वेग आणि गवयाची पट म्हणजे मल्टिप्लायर. दोघांचा गुणाकार केला की प्रोसेसरचा वेग निघतो. कंपनीनं छापून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त पळवायचा, ह्याला म्हणायचं ओव्हरक्लॉकिंग.

आता कंपनी तरी वेग ठरवते कशी? सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप एकदम तयार होतात. मग त्या तपासून प्रतवारी लावतात. रत्नागिरीत एकाच झाडाचा हापूस चार डझनी, पाच डझनी अशा वेगवेगळ्या पेट्यांत जातो, तसंच. फरक इतकाच, की आंब्याचा आकार डोळ्यांना दिसतो आणि चिपवर दिसतो तो फक्त छापलेला आकडा. शिवाय कारखान्याचा हात बसला, की बहुतेक माल वरच्या प्रतीचा निघू लागतो. गिऱ्हाईक मात्र स्वस्त मालालाच जास्त. मग वरच्या प्रतीच्या चिपवर खालचा आकडा छापून ती स्वस्तात विकली जाते. आकडा आणि अंगातली ताकद ह्यांच्यात जे अंतर उरतं, त्यावरच हा सारा खेळ उभा आहे.

सुरुवात तशी साधी होती. आयबीएमनं १९८४ मध्ये ‘पीसी एटी’ हे यंत्र काढलं. वेग ६ मेगाहर्ट्झ. आत १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक खोबणीत बसवलेला. हौशी लोकांनी तो उपटून १६चा बसवला, की यंत्र ८ मेगाहर्ट्झनं चालू लागे. खर्च चार-दोन डॉलर. कंपनीला हे रुचलं नाही. पुढच्या यंत्रांच्या बायोसमध्ये तिनं एक पहारेकरी बसवला. ठोका ठरल्यापेक्षा जलद आढळला तर यंत्र सुरूच होईना. आणि १९८६ मध्ये तिनं स्वतःच ८ मेगाहर्ट्झचं यंत्र बाजारात आणलं. लोक चार डॉलरमध्ये करत होते तेच, फक्त कंपनीच्या नावानं.

नव्वदच्या दशकात ह्या खेळाला दुसरं वळण लागलं. पेंटियमच्या जमान्यात पट ठरवायची ती मदरबोर्डवरचे जंपर हलवून. काही व्यापाऱ्यांनी ह्यातून कमाई काढली. कमी वेगाची चिप घ्यायची, वरचा छाप घासून काढायचा, मोठा आकडा छापायचा आणि मोठ्या किमतीला विकायची. गिऱ्हाईकाला पत्ता नाही. उन्हाळ्यात यंत्र बंद पडू लागलं, की तो नशिबाला बोल लावणार. आता पाहा, कृती तीच. हौशी माणूस करतो तेव्हा जोखीम त्याची आणि फायदाही त्याचा. व्यापारी करतो तेव्हा फायदा व्यापाऱ्याचा आणि जोखीम दुसऱ्याची. ह्या लबाडीवर इंटेलनं उपाय केला तो असा, की पेंटियम टूच्या काळात, १९९८च्या सुमारास, मल्टिप्लायरलाच कुलूप ठोकलं. उपाय चोरावर होता, पण कुलूप सगळ्यांच्याच दाराला लागलं.

कुलूप लागलं ते गवयाच्या पटीला. ठेका मोकळाच राहिला होता.

एप्रिल १९९८ मध्ये इंटेलनं सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला होता. त्याला दुसऱ्या पातळीची कॅशे, म्हणजे हाताशी ठेवायची स्मृती, मुळी दिलीच नव्हती. लोकांनी नाकं मुरडली. म्हणून ऑगस्टमध्ये सुधारलेला ‘सेलेरॉन ३००ए’ आला. त्यात कॅशे १२८ किलोबाइटचीच, पण चिपच्या पोटातच आणि पूर्ण वेगानं चालणारी. महागड्या पेंटियम टूमध्ये ती ५१२ किलोबाइटची होती, पण बाहेर बसवलेली आणि अर्ध्या वेगाची. सेलेरॉनचा ठेका ६६ मेगाहर्ट्झचा, पट साडेचार, वेग ३००. आता ठेका ६६ऐवजी १०० केला तर? साडेचार गुणिले शंभर, चारशे पन्नास. त्याच महिन्यात आलेल्या सगळ्यात वेगवान पेंटियम टूचा वेगही ४५०च होता. घाऊक भाव पाहा. सेलेरॉन १४९ डॉलर, पेंटियम टू ६६९ डॉलर. त्या वेळच्या दरानं एक साधारण सव्वासहा हजारांचा आणि दुसरा अठ्ठावीस हजारांचा.

इथे खरा प्रश्न भागांच्या निवडीचा आला. ठेका वाढवला की एकटा गवई पळत नाही, सगळी मैफल पळते. रॅम, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, सगळ्यांना त्याच ठेक्याचा भाग जातो. म्हणून रॅम ‘पीसी १००’ दर्जाचीच हवी; जुनी ६६ची रॅम अर्ध्या वाटेत बसणार. मदरबोर्ड इंटेलच्या ‘४४०बीएक्स’ चिपसेटचा हवा, कारण १०० मेगाहर्ट्झचा ठेका त्याला अधिकृतपणे पेलत होता. तैवानच्या अबिट कंपनीचा ‘बीएच६’ बोर्ड ह्याच कामासाठी गाजला. जंपर शोधत बसायला नको; ठेका आणि व्होल्टेज दोन्ही बायोसमध्ये कीबोर्डावरून बदलायचे. ज्यांच्या बोर्डात ही सोय नव्हती, ते प्रोसेसरच्या ‘बी२१’ नावाच्या एका बारीक संपर्कपट्टीवर चिकटपट्टी लावत. तेवढ्यानं बोर्डाची समजूत होई, की हा शंभराच्या ठेक्याचाच पाहुणा आहे.

ह्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. भित्रा माणूस म्हणेल, एकदम शंभर कशाला, ८३वर ठेवू. वेग ३७५ मिळेल, तेवढा पुरे. पण ८३च धोक्याचं होतं. हार्ड डिस्कचा कारभार ज्या पीसीआय वाटेनं चाले, तिचा मंजूर वेग ३३. शंभराचा ठेका असला की बोर्ड त्याला तीननं भागे, बरोबर ३३ मिळत. ८३ला मात्र तो दोननंच भागे आणि वाटेला येत साडेएक्केचाळीस. मग डिस्कवरचा मजकूर खराब होई. म्हणजे थोडं धाडस करणारा फसायचा आणि पुरतं करणारा तरायचा. अर्थात हिशेब करणारा.

प्रत्येक सेलेरॉन ४५०ला चालेच असं नाही. काही मुकाट चालत, काहींना २.० व्होल्टऐवजी २.१, २.२ पाजावे लागत. काही हटून बसत. वेगाबरोबर उष्णता त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीडपट वेग आणि २.२ व्होल्ट म्हटलं की उष्णता सुमारे १.८ पट झाली. म्हणून मोठा हीटसिंक, चांगला पंखा आणि दमदार एसएमपीएस. आणि एवढा खटाटोप गेमसाठीच का? कारण ‘अनरिअल’, ‘हाफ-लाइफ’ हे १९९८चे खेळ त्रिमितीतले होते आणि चित्र उभं करण्याचं बरंचसं गणित तेव्हा प्रोसेसरलाच करावं लागे. ते गणित आपल्या अंगावर घेणारं ‘जीफोर्स २५६’ कार्ड आलं १९९९च्या अखेरीस.

पुढची वर्षं भराभर सांगतो. एएमडीच्या २०००च्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरवर वरच्या अंगालाच तांब्याचे बारीक पूल होते. कारखान्यात ते लेझरनं तोडलेले असत. लोकांनी साधी शिसपेन्सिल घेऊन ते जोडले, कारण शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. कुलूप उघडलं! लिहिणाऱ्या माणसाला ह्याहून आनंदाची बातमी कोणती? पुढच्याच वर्षी आलेल्या अ‍ॅथलॉन एक्सपीवर कंपनीनं तिथे खळगे पाडून ठेवले. मग लोकांनी ते खळगे आधी बुजवून वर वीजवाहक रंगाची रेघ ओढायला सुरुवात केली.

खरा बदल २०११ मध्ये झाला. इंटेलच्या ‘सँडी ब्रिज’ पिढीत सगळ्या यंत्राचे ठोके एकाच १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर बांधले गेले. ते जरा हलवलं की सगळीच घडी विस्कटते. म्हणजे ठेक्याची वाटही बंद झाली. आणि त्याच वेळी पटीची किल्ली कंपनीनं स्वतः विकायला काढली. ‘आय५-२५००’ची किंमत २०५ डॉलर, ‘२५००के’ची २१६. माझ्या भाच्याचं अक्षर हे. अकरा डॉलर फार नाहीत. पण ती किल्ली फिरवायची तर बोर्डही वरच्या चिपसेटचाच लागे. ‘एच६७’ बोर्डावर ती फिरतच नसे. अक्षराची खरी किंमत बोर्डाच्या पावतीवर होती.

त्याआधी, २०१० मध्ये, ह्याच कंपनीनं ह्याहून धीट प्रयोग केला होता. ‘पेंटियम जी६९५१’ प्रोसेसर घेतलेल्या माणसानं दुकानातून पन्नास डॉलरचं कार्ड घ्यायचं, त्यावरचा सांकेतिक क्रमांक कॉम्प्युटरमध्ये भरायचा, की त्याच्याच चिपमधली मिटवून ठेवलेली कॅशे जागी व्हायची. घर विकायचं आणि माळ्याची किल्ली मागाहून वेगळी विकायची, असला हा व्यवहार. लोकांनी टीका केली आणि पुढे योजना गुंडाळली गेली. पुढे २०१२ मध्ये जास्तीचे पैसे भरून ओव्हरक्लॉकिंगचा विमा मिळू लागला. चिप जळली तर एकदा बदलून मिळे. तोही २०२१ मध्ये बंद झाला.

कारण शिल्लकच संपत आली होती. २००८च्या ‘कोअर आय७’ पासून प्रोसेसर गरजेप्रमाणे स्वतःच पळू लागला होता. हौशी माणूस रात्र जागवून जो वेग काढायचा, तो कंपनी आता डब्यातच भरून विकू लागली. २०२३चा ‘आय९-१४९००के’ कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाई आणि त्यासाठी २५३ वॅट वीज घेई. मग २०२४ मध्ये तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या ह्या प्रोसेसरांच्या तक्रारी वाढल्या. खेळ मध्येच बंद पडू लागले. ह्यातल्या कित्येकांनी यंत्राला हातसुद्धा लावला नव्हता. अखेर इंटेलनं मान्य केलं, की चिपमधल्या सूचनाच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या. ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली, हमी तीन वर्षांची पाच केली. पण बिघडलेली चिप काही सूचनेनं बरी होत नाही. छापलेला आकडा एकेकाळी ताकदीपेक्षा कमी असे. इथे तो ताकदीच्या कडेवर जाऊन बसला होता.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘मामू, म्हणजे १९९८ मध्ये बोर्ड आधी निवडायचे आणि प्रोसेसर मग.’ पोरगा हुशार आहे. एएमडीनं २०१७ पासून बहुतेक रायझन प्रोसेसर बिनकुलपाचेच ठेवले आणि मधल्या प्रतीच्या ‘बी’ बोर्डावरही ते पळवता येतात, हे त्याला ठाऊक होतं. गेमसाठी गाजलेला २०२२चा ‘५८००एक्स३डी’ मात्र कुलपाचा होता. त्यावर चढवलेल्या कॅशेच्या थराला जास्त व्होल्टेज सोसत नसे. ९६ मेगाबाइटची कॅशे होती ती. आठवा, सेलेरॉनची १२८ किलोबाइट. २०२४च्या ‘९८००एक्स३डी’मध्ये तो थर खाली घातला आणि कुलूप निघालं. तो मात्र त्याच्या खिशाबाहेरचा.

त्यानं यादीतली ‘के’ची ओळ खोडली, त्याबरोबर महागडा ‘झेड’ बोर्डही खोडला. बिनकुलपाचा साधा रायझन आणि ‘बी’ बोर्ड लिहिला. वाचलेले पैसे एसएमपीएस आणि कूलरमध्ये घातले. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला जाऊन सामान घेऊन आलो. दुकानदारानं त्याला विचारलं, ओव्हरक्लॉक करणार का? ‘आधी महिनाभर आहे तसा चालू दे,’ भाचा म्हणाला, ‘मग बघू.’