एसयू कार्ब्युरेटर : जुळणी व दुरुस्ती
एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारला १९६२ पासून एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर बसवले जात. हवेच्या ओढीने पिस्टन वर-खाली होतो आणि त्याला जडवलेली निमुळती सुई जेटमधले पेट्रोल कमी-जास्त करते. टॅपेट, प्लग, टायमिंग आधी तपासावे. नाहीतर कार्ब्युरेटरवर उगाच खापर फुटते. मग रबरी नळी कानाला लावून दोन्हींचा हवा ओढण्याचा आवाज सारखा करतात. तापलेल्या इंजिनात पिस्टन जेमतेम १ मिमी उचलावा : इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागले तर कमी, किंचित वाढून पूर्ववत झाला तर जुळणी अचूक. थ्रॉटलचा दांडा झिजून हवा शिरत असेल, तर मात्र बुश बदलावेच लागतात.