एका तबकडीनें पाडलेली भिंत

संगीताला सीमा नसतात, असें वचन वारंवार ऐकूं येतें. गायकाच्या गळ्याला आणि वादकाच्या बोटांना सीमा नसतात हें खरें. परंतु गाणें एकदां बाजारांत आलें, कीं त्याला दुकान लागतें, दुकानाला फळ्या लागतात, आणि कोणती तबकडी कोणत्या फळीवर ठेवावयाची ह्याचा निर्णय कोणीतरी करतोच. विसाव्या शतकांतील अमेरिकन संगीताचा इतिहास हा पुष्कळ अंशीं ह्या फळ्यांचा इतिहास आहे. १९८६ सालीं न्यूयॉर्कमधील तीन काळ्या तरुणांनीं ‘रेझिंग हेल’ नांवाची बारा गाण्यांची एक दीर्घ तबकडी काढली. ‘हिप-हॉप’ आणि ‘रॉक’ ह्या दोन संगीतप्रकारांचा संगम म्हणून ती आज प्रसिद्ध आहे. तो संगम कसा झाला, कोणामुळें झाला आणि त्याची किंमत कोणीं मोजली, हें पाहणें उद्बोधक आहे.

ह्या दोन प्रकारांमधील अंतर मुळांत स्वरांचें नव्हतेंच. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-कंपन्यांनीं काळ्या गायकांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे एका वंशाच्या तबकड्या, ह्या नांवानें वेगळ्या याद्यांत घातल्या. पुढें १९४९ सालीं ‘बिलबोर्ड’ ह्या व्यापारी साप्ताहिकानें तें नांव टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ हें सौम्य नांव घेतलें. यादी मात्र वेगळीच राहिली. ‘हाउंड डॉग’ हें गाणें प्रथम १९५२ सालीं बिग मामा थॉर्नटन ह्या काळ्या गायिकेनें ध्वनिमुद्रित केलें. चार वर्षांनीं तेंच एल्विस प्रेस्लीनें म्हटलें आणि तें देशभर घरोघर पोंचलें. चक बेरी, लिटल रिचर्ड अशा काळ्या कलावंतांनीं ज्या रॉक-संगीताच्या पायाचे दगड बसविले, तेंच संगीत १९७० च्या सुमारास गोऱ्या तरुणांची मिरास समजलें जाऊं लागलें. ज्यानें घर बांधलें त्यालाच उंबऱ्याबाहेर उभें राहून आंत येण्याची परवानगी मागावी लागावी, तसा हा प्रकार होता.

ह्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत दुसरा प्रवाह उगम पावत होता. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं सेज्विक मार्गावरील एका भाडेकरूंच्या इमारतींत, बहिणीनें योजिलेल्या मेजवानीसाठीं, क्लाइव्ह कँबेल ह्या जमेकाहून आलेल्या तरुणानें तबकड्या वाजविल्या. पुढें तो ‘कूल हर्क’ ह्या टोपणनांवानें ओळखला गेला. नाचणाऱ्यांना गाण्याच्या कडव्यांपेक्षां मधला केवळ ढोलांचा तुकडा अधिक चेव आणतो, हें त्यानें हेरलें होतें. तो तुकडा कांहीं सेकंदांत संपणारा. तेव्हां एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवावयाच्या, एकीवरचा तुकडा संपतांच दुसरीवरचा सुरू करावयाचा आणि तेवढ्यांत पहिली मागें फिरवावयाची, अशी युक्ति त्यानें रूढ केली. ग्रँडमास्टर फ्लॅश ह्या दुसऱ्या तरुणानें तिला घड्याळजीच्या हस्तकौशल्याची सफाई आणली. ह्या अखंड तालावर मग कोणी यमकबद्ध बोल म्हणूं लागला, तोच ‘रॅप’. आपल्याकडील श्रोत्याला त्याची कल्पना यावयाची, तर डफावर थाप देऊन पोवाडा म्हणणारा शाहीर आठवावा. तेथें रागदारीपेक्षां शब्दांचा झपाटा महत्त्वाचा. शाहिरानें चरण उचलावा आणि झीलकऱ्यांनीं तो झेलावा, ही रीतहि तशीच. दोहोंचें कूळ निराळें. परंतु शब्दाला तालावर स्वार करण्याची हौस एकच.

ब्राँक्समधील हे तबकडीवादक तुकडा निवडतांना वादकाचा वर्ण पाहत नसत. ढोल दणदणीत वाजला म्हणजे झालें. काळे, गोरे, जर्मन, इंग्लिश असे सारे वादक त्यांच्या पेटाऱ्यांत गुण्यागोविंदानें नांदत. आपल्या हातच्या उत्तम तबकड्यांचीं नांवें प्रतिस्पर्ध्यांना कळूं नयेत म्हणून हर्क तर त्यांच्या मध्यभागीं चिकटविलेले छापील कागद पाण्यांत भिजवून काढून टाकी. बॉस्टनच्या ‘एरोस्मिथ’ ह्या गोऱ्या रॉक-वृंदाची ‘टॉइज इन द अ‍ॅटिक’ ही १९७५ ची तबकडी अशाच पेटाऱ्यांतून काळ्या वस्त्यांत शिरली. तिच्यांतील ‘वॉक धिस वे’ हें गाणें नुसत्या ढोलांनीं सुरू होतें. तेवढा आरंभ वाजवावयाचा आणि गायकानें तोंड उघडण्यापूर्वीं तबकडी मागें फिरवावयाची, असा परिपाठ होता. दुकानांत उभी असलेली भिंत गल्लीतल्या नाचांत नव्हती. परंतु दुकानाला त्याची वार्ता नव्हती.

‘रेझिंग हेल’ काढणारे तिघे तरुण ह्याच वातावरणांत वाढले. जोसेफ सिमन्स, डॅरिल मॅक्डॅनियल्स आणि जेसन मिझेल हीं त्यांचीं नांवें. क्वीन्स भागांतील हॉलिस ही स्वतःचीं लहान घरें असलेल्या काळ्या मध्यमवर्गाची वस्ती त्यांचें गांव. जोसेफला ‘रन’, डॅरिलला ‘डी.एम.सी.’ आणि तबकड्या हाताळणाऱ्या जेसनला ‘जॅम मास्टर जे’ म्हणत. वृंदाचें नांव ‘रन-डी.एम.सी.’. पूर्वीचे रॅप-गायक झगमगीत पोशाखांत रंगमंचावर येत. ह्या तिघांनीं गल्लीतलाच वेष तेथें नेला: काळी टोपी, काळें कातडी जाकीट आणि नाड्या नसलेले बूट. संगीतहि त्यांनीं तितकेंच उघडें ठेवलें. यंत्राचा ताल, तबकडी घासल्याचा आवाज, आणि एकमेकांचीं वाक्यें अर्ध्यावर तोडून पुरीं करणारे दोन कंठ, एवढीच त्यांची सामग्री.

१९८४ च्या त्यांच्या पहिल्या तबकडींतच ‘रॉक बॉक्स’ ह्या गाण्यांत एडी मार्टिनेझ ह्या वादकाची विद्युत्-गिटार गर्जत होती. त्या गाण्याचें चित्रण ‘एम.टी.व्ही.’ ह्या दूरचित्रवाहिनीवर दाखविलें गेलें. १ ऑगस्ट १९८१ रोजीं सुरू झालेली ही वाहिनी काळ्या कलावंतांना जवळजवळ थाराच देत नाहीं, अशी टीका तिच्यावर होत असे; १९८३ सालीं मायकेल जॅक्सनच्या गाण्यांनीं तें दार किलकिलें केलें होतें. त्या पहिल्या तबकडीला पांच लाख प्रतींच्या खपाचें सुवर्ण-प्रमाणपत्र मिळालें. रॅपच्या दीर्घ तबकडीला हा मान पूर्वीं मिळाला नव्हता. १९८५ च्या दुसऱ्या तबकडीचें नांवच त्यांनीं ‘किंग ऑफ रॉक’ असें ठेवलें. कोणीं बोलावण्याची वाट न पाहतां रॉकवरील आपला वारसा त्यांनीं असा जाहीर सांगितला होता.

‘रेझिंग हेल’चे निर्माते दोघे. एक रनचा थोरला भाऊ रसेल सिमन्स, आणि दुसरा रिक रूबिन. रूबिन हा रॉकवर पोसलेला गोरा तरुण. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहांतील खोलींतून त्यानें ‘डेफ जॅम’ ही तबकड्यांची संस्था सुरू केली होती. रॅप हें संगीतच नव्हे असें म्हणणारे गोरे श्रोते त्या काळीं पुष्कळ होते. त्यांना त्यांच्याच ओळखीच्या गाण्यांतून हें नवें संगीत किती जवळचें आहे तें दाखवावें, अशी रूबिनची कल्पना. ‘वॉक धिस वे’ मुळांतच भरभर, बोलल्यासारखें म्हटलेलें. त्याचा केवळ आरंभ न घेतां सारें गाणें शब्दांसह म्हणावें, आणि मूळच्या कलावंतांनाच साथीला बोलवावें, असें त्यानें सुचविलें.

रन आणि डी.एम.सी. यांना ही सूचना मुळींच रुचली नाहीं. त्या गाण्याचे ढोल त्यांना पाठ होते. पुढचे शब्द मात्र त्यांनीं कधीं ऐकले नव्हते. ऐकल्यावर ती त्यांना खेडवळांची अगम्य बडबड वाटली. रॅप-गायकानें दुसऱ्याचे शब्द म्हणावयाचे, हीच कल्पना त्यांच्या व्रताविरुद्ध होती. पोवाडा ज्याचा त्यानें रचावा, तसा रॅप ज्याचा त्यानें लिहावा, असा त्यांचा दंडक. ह्याउलट एरोस्मिथची स्थिति त्या वेळीं खालावलेली होती. वृंद मध्यंतरीं फुटून पुन्हां जुळला होता, आणि १९८५ ची त्यांची तबकडी फारशी खपली नव्हती. मार्च १९८६ मध्यें गायक स्टीव्हन टायलर आणि गिटारवादक जो पेरी असे दोघेच मॅनहॅटनमधील ध्वनिमुद्रणगृहांत आले. जेनें तबकड्या हाताळल्या, पेरीनें गिटारीचे पदर चढविले, टायलरनें ध्रुपद आळवलें. रन आणि डी.एम.सी. यांनीं आरंभीं आपला भाग अनिच्छेनें उरकला. पुढें समजूत घातल्यावर तो पुन्हां नीट म्हटला. मूळ शब्दांची त्यांनीं आपसांत वांटणी केली आणि आपल्या पद्धतीनें ते एकमेकांकडे फेकले. जेथें मूळ गाणें सुलटें चाले, तेथें हें दोन पहिलवानांप्रमाणें खडाखडी करूं लागलें.

तबकडी मे १९८६ मध्यें बाहेर पडली. ‘वॉक धिस वे’च्या चित्रणांत दोन वृंद शेजारशेजारच्या खोल्यांत तालीम करीत आहेत, गोंगाटामुळें एकमेकांवर चिडले आहेत, आणि शेवटीं टायलर ध्वनिक्षेपकाच्या दांड्यानें मधली भिंत फोडतो, असें दाखविलें आहे. त्यांत एरोस्मिथचे टायलर आणि पेरी एवढेच खरे. बाकीचे साथीदार उसने आणलेले होते. मूळ गाणें १९७७ सालीं अमेरिकेच्या सर्वसाधारण यादींत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलें होतें. हें नवें रूप चौथ्या क्रमांकावर पोंचलें. सबंध तबकडी दीर्घ तबकड्यांच्या सर्वसाधारण यादींत तिसरी आली, आणि काळ्या संगीताच्या वेगळ्या यादींत पहिली. त्या वर्षीं त्या वेगळ्या यादीचें नांव ‘ब्लॅक आल्बम्स’ असें होतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दहा लाखांहून अधिक खपाचें प्रमाणपत्र मिळविणारी ही रॅपची पहिली तबकडी. १९८७ सालीं तो आंकडा तीस लाखांवर गेला.

येथपर्यंतची कथा सुखान्त वाटते. परंतु एक प्रश्न राहतोच. लक्षावधि गोऱ्या घरांनीं रॅपला दार उघडलें, तें त्याच्या हातांत एक गोरें गाणें होतें म्हणून. ह्या व्यवहारांत लाभ कोणाचा अधिक? एरोस्मिथचें नशीब पालटलें. १९८७ ची त्यांची तबकडी लाखांनीं खपली. त्याच वर्षीं सर्वसाधारण यादींत प्रथम स्थान मिळविणारी पहिली रॅप-तबकडी निघाली ती ‘बीस्टी बॉइज’ ह्या तीन गोऱ्या तरुणांची. तिचा निर्माता रूबिनच, आणि तिच्यांतहि रॉकची गिटार होती. ‘हाउंड डॉग’चीच पुनरावृत्ति झाली, असें कोणाला वाटल्यास नवल नाहीं. शिवाय ऑगस्ट १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथें रन-डी.एम.सी. रंगमंचावर येण्यापूर्वींच प्रेक्षकांतील टोळ्यांची मारामारी झाली, अनेक जखमी झाले, आणि दोषाचें खापर वृत्तपत्रांनीं रॅपवर फोडलें. ज्या घरांत गाणें शिरलें, त्याच घरांत गाणाऱ्यांविषयीं भीतीहि वसत होती.

तरीहि ‘हाउंड डॉग’च्या काळाशीं येथें एक महत्त्वाचा भेद आहे. बिग मामा थॉर्नटनचें नांव प्रेस्लीच्या श्रोत्यांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक होतें. येथें तबकडी काळ्या वृंदाची होती आणि गोरे पाहुणे म्हणून आले होते. बीस्टी बॉइज १९८६ च्या दौऱ्यांत रन-डी.एम.सी.च्याच कार्यक्रमांत, त्यांच्या आधीं, गात असत. आणि जो श्रोता ‘वॉक धिस वे’साठीं तबकडी घरीं आणी, त्याच्या कानांवर उरलेलीं अकरा गाणींहि पडत. त्यांतील ‘पीटर पायपर’मध्यें लहान मुलांच्या बडबडगीतांतील पात्रें घेऊन जेच्या हस्तकौशल्याची स्तुति केली आहे. ‘माय आदिदास’ हें गाणें, असे बूट घालणारा म्हणजे गुन्हेगार असें मानणाऱ्यांना दिलेलें उत्तर आहे. तबकडीचें शेवटचें गाणें तर ‘प्राउड टु बी ब्लॅक’, काळेपणाचा अभिमान उघड सांगणारें. पाहुण्याला दारांतून आंत घेतलें, आणि मग त्याला सारें घर दाखविलें, अशी ह्या तबकडीची रचना झाली आहे.

पुढील काळांत हा संगम नित्याचा झाला. १९९१ सालीं ‘पब्लिक एनिमी’ हा रॅप-वृंद आणि ‘अँथ्रॅक्स’ हा रॉक-वृंद ‘ब्रिंग द नॉइज’ ह्या गाण्यासाठीं एकत्र आले. १९९२ सालीं ‘रेज अगेन्स्ट द मशीन’नें एकाच वृंदांत दोन्ही प्रकार नांदविले, आणि २००० सालच्या ‘लिंकिन पार्क’च्या ‘हायब्रिड थिअरी’नें तर ‘संकर’ हाच शब्द आपल्या नांवांत घेतला. जॅम मास्टर जेची ३० ऑक्टोबर २००२ रोजीं क्वीन्समधील ध्वनिमुद्रणगृहांत गोळी घालून हत्या झाली, आणि वृंद संपला. २००९ सालीं रॉक-संगीताच्या सन्मान-मंदिरांत रन-डी.एम.सी.ना स्थान मिळालें. २०१८ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयानें ‘रेझिंग हेल’ राष्ट्रीय जतनास योग्य ठरविल्याचें जाहीर केलें.

चित्रणांतील ती भिंत टायलरनें फोडलेली दाखविली आहे, आणि पाहणाऱ्याच्या मनावर तेंच ठसतें. इतिहास मात्र वेगळें सांगतो. ती भिंत गल्लीतल्या मुलांनीं दहा वर्षें आधींच पोखरली होती: तबकडीवरचा कागद भिजवून, नांव न वाचतां, केवळ ढोल ऐकून. १९८६ सालीं दुकानदाराच्या कानांवर तो आवाज प्रथम गेला, एवढेंच. ज्या दोन तरुणांनीं कुरकुरत तें गाणें म्हटलें, त्यांची कुरकुर अयोग्य नव्हती. शेजाऱ्याच्या शब्दांवर स्वार होऊन आपल्याच वडिलोपार्जित घरांत शिरावें लागणें कोणालाहि जड जाईल. परंतु आंत शिरल्यावर त्यांनीं मागें गात राहिलेल्या असंख्यांसाठीं दार उघडें ठेवलें, आणि आपलें नांव उंबऱ्यावर सर्वांना वाचतां येईल असें लिहून ठेवलें.